निलगिरीची खोली

पुरानं घराची मागची भिंत नेली, त्या जागी बबननं फ्लेक्स ताणून बांधला होता. फ्लेक्स त्याच्या धाकट्या भावाच्या, चंदरच्या वाढदिवसाचा होता. छपाईची बाजू बाहेर ठेवावी तर येणारेजाणारे हसतील म्हणून ती आत केली. तेव्हापासून चांगुणा चुलीपुढं बसली की समोर हात जोडून हसणारा दीर. भाकरी थापताना तो, तांदूळ निवडताना तो. वारा सुटला की त्याचे गाल फुगत आणि फ्लेक्सच्या खालच्या फटीतून उंदीर आत येत.

हेंद्रेपाड्याच्या पुढं नदीच्या अंगाला त्यांचं घर. त्या जुलैत नदी घरात शिरली आणि उतरताना गुडघाभर चिखलाचा रेंदा ठेवून गेली. त्यात फुगलेल्या कोंबड्या होत्या, कुणाची तरी गादी होती, वरच्या चाळींच्या संडासातलं सगळं होतं. चांगुणेनं तो पत्र्यानं खरवडून टोपल्यांनी बाहेर टाकला. जमीन शेणानं सारवली, परत सारवली. वास गेला नाही. पंचनाम्याला आलेला माणूस नाकाला रुमाल लावून उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला आणि तिथूनच लिहून गेला. पुढची भिंत विटांनी कशीबशी उभी राहिली, मागच्या भिंतीला फ्लेक्स आला.

हे सगळं चाललं असतं. पण मनालीला दिवस गेले.

मनाली ही त्यांची एकुलती एक मुलगी. शहाडला दिली होती. नवरा सनी तिथल्या कारखान्यात कामाला. एका खोलीत सासू, दोन दीर आणि हे दोघं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. तिची सासू बनूबाई दिवाळीनंतर एकदा सहज म्हणून आली. चहाचा कप हातात धरून तिनं घरभर नजर फिरवली. फ्लेक्सपाशी ती थांबली. कोपऱ्यात उंदरांच्या लेंड्या होत्या. बनूबाईनं चपलेच्या टोकानं त्या एका बाजूला सारल्या आणि चहा न पिताच कप खाली ठेवला.

"इथं ठेवाल बाळंतीण? उंदीर पोराचं नाक कुरतडतील, विहीणबाई."

चांगुणेच्या कानशिलात जाळ झाला. "इथं कशाला? मागं नवी खोली बांधतोय आमी," ती बोलून गेली.

बबननं मान वर करून बायकोकडं पाहिलं आणि परत खाली घातली.

बनूबाई गेल्यावर तो म्हणाला, "कसली खोली बांधतोय आपण?"

"ते तुमी सांगा. बाप हाव ना तिचं?"

विटांचा भाव बबनला ठाऊक होता. जंगलातून कारवीच्या काठ्या आणून कुडाची भिंत घालावी तर जंगलखात्याचा गार्ड कोयता काढून घेतो आणि वर शिव्या देतो. मग एका सकाळी शेताच्या बांधावर बसल्या बसल्या त्याला आठवलं. बारवी रोडच्या एका रिसॉर्टवर तो मागं मातीकामाला गेला होता. तिथं नुसत्या गोल लाकडांची एक खोली होती. ओंडक्यावर ओंडका आडवा ठेवलेला, कोपऱ्यात खाचा पाडून एकात एक अडकवलेला. विटा नाहीत, सिमेंट नाही.

"आणि लाकूड?" चांगुणेनं विचारलं.

त्यानं नुसतं हातानं दाखवलं. बांधापलीकडं चंदरच्या हद्दीत निलगिरीची झाडं कापून पडली होती. चंदर प्लॉटचा धंदा करायचा. वाटणीत आलेली भातजमीन त्यानं चुन्याच्या रेघा मारून तुकडे तुकडे केली होती आणि रेघेत आली म्हणून झाडं पाडली होती. ती झाडं म्हाताऱ्या सासऱ्यानं लावली होती. चांगुणा नवी नवरी असताना हंड्यानं पाणी नेऊन तिनंच ती जगवली होती. पण बांध सरकत सरकत कधी झाडांच्या पलीकडून अलीकडं आला, ते बबननं कुणाला कधी विचारलं नव्हतं.

आताही विचारायला त्याचे पाय उचलत नव्हते. चंदरच्या बंगल्याच्या फाटकाशी तो उभा राहिला. चंदर ओट्यावर मोबाइलवर बोलत होता. त्यानं दादाला पाहिलं, हातानं थांब म्हणून खूण केली आणि बोलतच राहिला. ऊन डोक्यावर आलं. फोन संपला तेव्हा तो फाटकाशी आला, गुटख्याची पिंक बबनच्या पायापाशी टाकली आणि म्हणाला, "बोल दादा."

बबन लाकडांचं बोलला.

"अरे, ने ना! तुझंच हाय सगळं. भाऊ हाय का कोण मी?"

पिंकेचे दोन शिंतोडे बबनच्या पायावर उडाले होते. ते त्यानं घरी येऊन धुतले. चांगुणेनं ते पाहिलं, आणि लाकूड मिळालं म्हणून ती दोर शोधायला लागली.

कामाला हत्यारं नव्हती. पलीकडच्या बौद्धवाड्यात भीमराव राहायचा. अंबरनाथच्या एका कारखान्यात सुतारखात्यात होता, तो कारखाना बंद पडल्यावर घरीच बसलेला. त्याची बायको यशोधरा उल्हासनगरच्या एका दवाखान्यात आया होती. भीमरावचा हात लकव्यानं गेलेला. त्यानं करवत, वाकस, पटाशी आणि काटकोन बघायचा गुण्या गोणपाटात गुंडाळून दिला. "धार लावून ठेव. आणि कोपऱ्याला गुण्या लाव, डोळ्यावर जाऊ नको," एवढंच म्हणाला.

बबन डोळ्यावरच गेला. पहिल्यांदा ओंडके ओढून आणण्यातच त्याची कंबर धरली. एक टोक दोराला बांधून तो ओढायचा, मागून चांगुणा पहारीनं रेटायची. सासऱ्याच्या वेळचे बैल असते तर, असं दोघांच्याही मनात यायचं, पण बोलायला दम उरायचा नाही. मग साली काढायच्या. कोयत्यानं साल सोलली की आतून चिकट पाणी यायचं. हात काळे पडले, बोटं एकमेकांना चिकटली. सालीखाली पांढऱ्या किड्यांची रांग असायची, ती चिरडली की पिवळं काहीतरी उडायचं. चांगुणेला तो वास जेवतानाही यायचा. भाकरी तोंडाशी नेली की आधी बोटांचा वास, मग भाकरीचा.

कोपऱ्यांत मोठे दगड बसवले आणि त्यावर पहिले चार ओंडके ठेवले. बबननं खाच वरच्या अंगानं पाडली. दुसरा थर बसला, तिसरा चढवताना सगळंच एका बाजूला कललं आणि वरचा ओंडका घसरून त्याच्या पावलाला घासत खाली आला. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. तो तसाच जमिनीवर बसला आणि पाय धरून लहान पोरासारखा कण्हला. रस्त्यानं जाणारे दोघं थांबून बघत होते. एक म्हणाला, "बबन, पोल्ट्री बांधतोस का काय?"

दुसऱ्या दिवशी दोघांनी सगळं उतरवलं. चांगुणेनं ओंडका उलटा करून पाहिला. आदल्या रात्रीचं दव वरच्या खाचेत साचलेलं होतं.

"हे बगा, पाणी मुरतंय इथं. खाच खालून पाडा ना. वरचा ओंडका खालच्यावर घोड्यावानी बसंल."

"आणि दोन वेळचं काम?"

"मंग काय, कुजवाचं?"

त्यानं खालून खाच पाडायला घेतली. जाड बुडावर बारीक शेंडा, बारीक शेंड्यावर जाड बूड, असं आलटून पालटून लावलं की थर सपाट येतो, हे त्यांना निम्मी भिंत झाल्यावर कळलं. खालची निम्मी भिंत वाकडीच राहिली. वर वर मात्र ती सरळ होत गेली. ओंडका खाचेत बसताना 'थप्' असा आवाज यायचा. तो आवाज आला की बबन बायकोकडं बघायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपण केलेलं काही बघायला त्यानं तिला असं कधी बोलावलं नव्हतं.

वाळवीसाठी त्यानं बदलापूर स्टेशनाजवळच्या गॅरेजमधून जळकं ऑइल आणलं. काळं, दाट, लोखंडाच्या चुऱ्यानं करकरणारं. चिंधीनं ते प्रत्येक ओंडक्याला बाहेरून चोपडायचं होतं. चांगुणेनं नाकातोंडाला पदर बांधला तरी दुपारी ती बांधाआड जाऊन ओकली. तिच्या नखांत ते काळं बसलं ते बसलंच. बाजारात मच्छीवालीनं तिचे हात पाहून पैसे टोपलीवर टाकायला सांगितले, हातात घेतले नाहीत.

फटींत माती, भाताचा तूस आणि शेण कालवून भरलं. वर घराचे जुने पत्रे चढवले, पुरातून वाचलेले. दार नव्हतं. मनालीच्या लग्नातल्या कपाटाची फळकुटं ओलीनं फुगून पडली होती, ती तासून बबननं दार केलं. आतून जमीन चोपली, सारवली. चांगुणेनं दाराशी चुन्याची बारीक रेघ ओढली. आत गेलं की निलगिरीचा गोडसर, औषधासारखा वास यायचा. ऑइल बाहेरच्या अंगालाच होतं. बाळंतिणीच्या बाजेला, शेगडीला आणि एका माणसाला वळायला जागा होईल, एवढीच खोली. ती आत जाऊन नुसतीच बसली. थंडीचा वारा बाहेर होता आणि आत लागत नव्हता.

त्या संध्याकाळी चंदर आला. त्यानं खोलीला बाहेरून एक चक्कर मारली, ओंडक्यावर थाप मारली, मोबाइलनं दोन फोटो काढले.

"दादा, लेका, तू तर कॉटेज केलंस! लोक हजार हजार रुपये देतात असल्यात झोपायला."

"मनालीसाठी हाय," चांगुणा म्हणाली.

"हां, हां, वैनी. मनालीसाठीच. मी कुठं काय बोललो?"

शनिवारी दोघं मनालीला आणायला शहाडला गेली. बनूबाईनं त्यांना राहायचा आग्रह केला. रात्री जेवताना बबननं कधी नव्हे ते दोनचार वाक्यं सलग सांगितली, खोलीची, खाचांची. सनी मन लावून ऐकत होता. बनूबाई म्हणाली, "बरं झालं बाई. मग मी निर्धास्त."

रविवारी सकाळी बदलापूरहून रिक्षानं ते तिघं घरी आले. मनाली पोटाखाली हात धरून उतरली. मागच्या अंगाला चंदरची गाडी उभी होती. खोलीचं दार उघडं होतं.

आधी वास आला. दारू, करपलेलं मटण आणि ओकारी. चांगुणा पुढं झाली. सारवलेल्या जमिनीवर दोन अनोळखी माणसं पालथी झोपली होती. एकाच्या तोंडाशी ओकारीचं थारोळं होतं आणि त्यावर माश्या. कोंबडीची हाडं, फुटलेली बाटली, सिगारेटी. कोपऱ्यात, जिथं बाज येणार होती, तिथल्या मातीच्या भरावावरून कुणीतरी मुतलं होतं. माती ओली होऊन ओघळली होती आणि भिंतीवर गुटख्याच्या पिंका होत्या, जागोजाग. बाहेर जायचे कष्टही कुणी घेतले नव्हते.

मनालीनं मागून डोकावलं आणि तोंडावर ओढणी दाबून ती तशीच मागं वळली. अंगणात वाकून ती ओकली. बबन तिच्या पाठीवर हात ठेवायला गेला आणि मधेच थांबला.

चंदर ओंडक्याला टेकून चूळ भरत होता. "आलात? अरे दादा, हे उल्हासनगर कॅम्प तीनचे पार्टी लोक हायत. प्लॉट बघायला आलते. रात झाली, म्हटलं कुठं पाठवाचं. जाम खूश झाले. 'क्या मस्त कॉटेज है' बोलले."

"ही बाळंतिणीची खोली हाय, भावोजी," चांगुणा म्हणाली. तिचा आवाज चिरकला.

"मग मी काय नाय बोललो? मनाली राहू दे. फक्त शनवार-रविवार जरा आत घरात घ्या तिला. माझी गिऱ्हाईकं येतील, जातील. लाकडं माझीच ना शेवटी?"

चांगुणेनं नवऱ्याकडं पाहिलं. बबन जमिनीकडं बघत होता.

"दादा बोल ना," चंदर म्हणाला. "आपल्यात काय ते."

"बगू," बबन पुटपुटला. "नंतर बगू."

त्या 'बगू'ची चांगुणेला ओकारीपेक्षाही जास्त किळस आली. इतक्या वर्षांत हा माणूस तिला कधी वाईट वाटला नव्हता. गरीब वाटला, भोळा वाटला. आता त्याच्या झुकलेल्या मानेवरचा घामाचा काळा वळ तिला दिसला आणि तिनं तोंड फिरवलं.

चंदर आपली माणसं गाडीत घालून गेला. चांगुणेनं खोली धुवायला घेतली. वरची माती खरवडून काढली, नवी सारवली. राखेनं घासलं, कडुनिंबाचा पाला जाळला. फटींतली ओली माती काढताना ती बोटांनी हुंगून बघायची. पण लाकूड अजून कच्चं होतं, सगळं पिऊन बसलं होतं. दुपारचं ऊन पत्र्यावर आलं की भिंतीतून मुताचा वास उठायचा.

मनाली फ्लेक्सच्या खोलीत झोपली. आपल्या काकाच्या जोडलेल्या हातांकडं पाठ करून. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या उशापाशी उंदीर होता.

चांगुणेनं पदर खोचला आणि ती बौद्धवाड्यात गेली. यशोधरा ड्यूटीवरून येऊन पाय पसरून बसली होती. तिचं घर दोन खोल्यांचं, पक्कं. फरशी पुसलेली, ओल्या फरशीला फिनेलचा वास.

"यशोधराबाय, एक मागाचं हाय."

सगळं ऐकल्यावर यशोधरा लगेच हो म्हणाली नाही. पायाची बोटं दाबत राहिली. "आतली खोली रिकामी आहे, ते खरं. पण चांगुणाबाई, तुमच्यातल्या बाया माझ्याकडं हळदीकुंकवाला येत नाहीत. इथं पोर जन्मलं तर उद्या तुमचेच लोक काय बोलतील? आणि ते मला माझ्या दारात ऐकावं लागेल. दवाखान्यात मी सगळ्या जातीची घाण उचलते. पगार देतात म्हणून. घरात नाही उचलणार."

"बोलला कोण तर मी हाय."

"तुम्ही आहात. तुमचे मालक?"

"पाणी द्या जरा," चांगुणा म्हणाली. यशोधरानं तिच्याकडं नीट बघितलं, मग उठून माठातलं पाणी दिलं. चांगुणेनं तांब्या तोंडाला लावून सगळं संपवलं.

"आणा पोरीला," यशोधरा म्हणाली. "कपडे उकळून आणा. आणि नजर-बाधेसाठी उशाशी सुरी-बिरी काही ठेवायची नाही माझ्याकडं."

मनालीची पेटी भीमरावच्या घरात गेली हे संध्याकाळपर्यंत पाड्यावर पसरलं. चंदर गाडी न घेता, चालत आला. बबन अंगणात विळ्याला धार लावत होता.

"दादा, वैनीला अक्कल नाय, तुला पण नाय? घराण्याचं पोर त्यांच्या घरात जन्माला घालणार? शी! त्यांच्या भांड्यात खाणार ती? मला गावात थोबाड दाखवाचं हाय. माझ्या गिऱ्हाइकांना कळलं तर लोक थुंकतील."

बोलता बोलता त्यानं मान वळवून पिंक टाकली. ती तुळशीच्या कट्ट्यावर पडली.

बबननं विळा खाली ठेवला. तो उठला. चांगुणेला वाटलं, तो पाणी आणून कट्टा धुईल. तसाच माणूस होता तो. पण तो मागच्या अंगाला गेला, शिडी घेतली, खोलीला लावली आणि वर चढला. थोड्या वेळानं पहिला पत्रा खडखडत खाली आला.

"काय करतोस?" चंदर ओरडला.

"पत्रं माझं हायत," बबन वरूनच म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, धाप होती. "दार पन माझं हाय. लाकडं तुझी. ती ठेव."

"येडा झालास काय? तुला कळतंय का, मी..."

दुसरा पत्रा आला. चंदरला बाजूला व्हावं लागलं. तो शिव्या देत राहिला, आईवरून, म्हणजे स्वतःच्याच आईवरून. बबन एकेक पत्रा उतरवत होता. चांगुणा पुढं झाली आणि खालून पत्रे धरू लागली. पत्र्याच्या धारेनं तिचा तळहात कापला, तरी तिनं सोडलं नाही.

ते पत्रे त्यांनी दुसऱ्या दिवशी डोक्यावरून बौद्धवाड्यात नेले. भीमरावच्या मागच्या भिंतीला बाळंतिणीसाठी न्हाणी केली. कपाटाच्या फळकुटांचं दार तिला लावलं. भीमराव खुर्चीत बसून सांगत होता, "गुण्या लाव, गुण्या," आणि या खेपेला बबननं लावला. चंदरच्या 'कॉटेज'च्या चार भिंती उघड्या आभाळाखाली राहिल्या. पुढच्या शनिवारी गिऱ्हाइकं आली, बघून गेली. नंतर तिथं पाड्यातली माणसं सकाळी डबे घेऊन परसाकडला बसू लागली.

मनालीला मुलगी झाली. शेवटी दवाखान्यातच न्यावं लागलं, यशोधरानंच रिक्षा थांबवली, आणि तिसऱ्या दिवशी मायलेकी परत तिच्या घरी आल्या. बनूबाई बघायला आली ती आधी दाराशी अडखळली. मग आत आली, फरशीकडं पाहिलं, पाळण्याकडं पाहिलं. जाताना यशोधराला "येते" म्हणाली. पाड्यावरच्या बायका आल्या नाहीत. चंदरच्या बायकोनं कुणाच्या तरी हातून झबलं पाठवलं, ते चांगुणेनं त्याच हातानं परत पाठवलं.

महिन्याच्या आत एकदा बबन रेशनच्या रांगेत उभा होता. पुढं मागं सगळी ओळखीची माणसं. पाटलांच्या आळीतला एक म्हातारा मागं वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय बबन, नात झाली म्हणं. कुठं हाय बाळंतीण? घरी तर दिसत नाय."

रांगेतली दोनचार माणसं गालातल्या गालात हसली. एकानं नाकाला उपरणं लावायचं सोंग केलं. बबनची मान नेहमीसारखी खाली गेली. हातातली पिशवी त्यानं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

मग तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाही ओळखू आला नाही इतका मोठा निघाला,

"भीमरावच्या घरात हाय. तिथं सोच्छ हाय."

रांग पुढं सरकली. बबन आपल्या जागेवरून हलला नाही, म्हातारा तोंड फिरवेपर्यंत.